मनीच्या खोलीतली हवा

१

लोकांच्या घरी जाऊन हवा मोजायची, हा माझा धंदा. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "हवेत काय मोजायचं असतं?" एकतीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

आमच्या भागात वर्षातले चार महिने धूळ, चार महिने ओल आणि उरलेले चार महिने दोन्ही. धूळ नको म्हणून खिडक्या लावाव्यात तर भिंतींना घाम फुटतो. ओल जावी म्हणून उघडाव्यात तर पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोटाने नाव लिहिता येतं. शेवटी माणूस वैतागतो आणि खिडकी लावूनच टाकतो. धूळ डोळ्यांना दिसते, कोंडलेली हवा दिसत नाही, एवढाच त्याचा हिशोब.

मग मला बोलावतात. मी प्रत्येक घरात तेच सांगतो. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. झाडून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. आणि काहीही झालं तरी दिवसातून वीस मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. लोक माना डोलावतात, चहा देतात आणि मी जिना उतरेपर्यंत सगळं विसरतात. मीही आता मनावर घेत नाही. गुडघे दुखतात, बॅग जड आहे आणि जिने काही कमी होत नाहीत.

त्या घरीही मी असाच कंटाळत गेलो होतो. मुलीच्या खोलीत भिंतीवर काळं धरलंय, एवढाच निरोप होता.

२

घर तिसऱ्या मजल्यावर. दार मुलीच्या आईने उघडलं. ती दवाखान्यात नर्स होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण घर लख्ख. औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या.

"या काका. हे पण थांबलेत मुद्दाम," ती म्हणाली.

'हे' म्हणजे तिचा नवरा. तो शीतगृहांची दारं बसवायचा. फळं, औषधं, मासे असला नाशवंत माल जिथे ठेवतात, तिथली जाडजूड दारं. माणूस हौशी आणि बोलका. मला हाताला धरूनच मुलीच्या खोलीकडे घेऊन गेला.

"हे बघा. आमच्या कारखान्यातलीच रबरी पट्टी लावलीय चारी बाजूंनी. खिडकीला पण. पोरीला लहानपणापासून खोकला. धुळीचा कण चालत नाही. म्हटलं, जगाच्या मालाला दारं बसवतो, मग स्वतःच्या पोरीला का नको?"

त्याने खिशातून कागदाचा कपटा काढला, दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि म्हणाला, "ओढा." मी ओढला. निघेना. जोर लावला तर कागद फाटला, पण निघाला नाही.

"आमच्या दारामागे काही नासत नाही, काका," तो म्हणाला. "ठेवलं तसं राहतं."

मी मनात म्हटलं, मग भिंत का नासली? इतक्या मायेने केलेली चूक मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. दार उघडून आत गेलो. आमच्या मागून बाई आत आली आणि तिने दार लगेच लावून घेतलं. पलंगामागची भिंत वीतभर काळी पडली होती. मीटर लावला तर दमटपणा एक्याऐंशी टक्के. हवा जड होती, पण कुबट नव्हती. झोपलेल्या मुलाच्या डोक्याजवळ वाकल्यावर जसा वास येतो, तसा काहीसा वास होता. मुलीची खोली म्हटल्यावर त्यात नवल काही वाटलं नाही.

"खोकला कसा आहे आता?" मी विचारलं.

"थांबला," बाप म्हणाला. "अडीच महिन्यांपूर्वी धुळीचं वादळ झालं बघा, त्या दुपारी फार झालं होतं. मी औषध आणायला धावलो. परत येतो तो पोरगी बरी. तेव्हापासून एकदा खोकली असेल तर शपथ."

आई खिडकीची काच पुसत होती. काच स्वच्छच होती.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. आठ वर्षांची असेल, घरात तिला मनी म्हणायचे. तीन जिने चढून मला अजून दम लागलेला होता. ती दप्तरासकट वर आली होती आणि तिची छाती हललीसुद्धा नव्हती. लहान मुलांचं आपल्याला कौतुक वाटतं, ते अशाच गोष्टींचं. तिने आम्ही बाहेर निघायची वाट पाहिली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

३

माझी कामाची एक पद्धत आहे. एक छोटा डबा खोलीत ठेवतो, एक बाहेरच्या खोलीत. डबा दर पाच मिनिटांनी तापमान, दमटपणा आणि माणसाच्या उच्छ्वासातला वायू, यांची नोंद करतो. मोकळ्या हवेत हा शेवटचा आकडा चारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत कोणी श्वास घेत असलं की तो चढतो. एक लहान मूल दार लावून रात्रभर झोपलं तर सकाळी तो दोन हजारांच्या घरात जातो. खोली रिकामी झाली की पुन्हा उतरतो. यात जादू काही नाही. आकड्यावरून मी सांगू शकतो की घरात किती माणसं झोपली होती. एकदा एका नवरा-बायकोच्या घरात तीन माणसं मोजली होती आणि तोंड बंद ठेवून बाहेर पडलो होतो.

डब्यांबरोबर एक कागदही देतो. कोण कधी घरात होतं, स्वयंपाक कधी झाला, लादी कधी पुसली, ते लिहून ठेवायचं. बहुतेक लोक तिसऱ्या दिवशी कंटाळतात. या बाईने आठवडाभर मिनिटा-मिनिटाची नोंद ठेवली, वॉर्डातल्या तक्त्यासारखी.

आठवड्याने डबे आणले आणि घरी टेबलावर आलेख उघडला. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

बाहेरच्या खोलीचा आलेख अगदी शहाण्यासारखा होता. मनीच्या खोलीचा उलटा. सकाळी आठला पोरगी शाळेत गेली की आकडा चढायला लागायचा आणि ती साडेतीनला यायच्या सुमारास दोन हजारांच्या घरात पोचायचा. ती आली की चढणं थांबायचं. आणि रात्री, ती दार लावून आत झोपलेली असताना, आकडा हळूहळू खाली यायचा. पहाटे साडेचारशे.

"डब्याचं घड्याळ उलटं लावलं मी," मी म्हणालो. "दिवसाची रात्र केली."

"चष्मा बदला आता," बायको म्हणाली. "गेल्या वर्षापासून सांगतेय."

मलाही तेच वाटलं. वयात अशा चुका होतात. पण मग त्याच आलेखातली तापमानाची रेषा पाहिली. ती दुपारी दोनला सगळ्यात वर होती आणि पहाटे पाचला सगळ्यात खाली. ऊन तर उलटं पडत नाही. घड्याळ बरोबर होतं.

म्हणजे रिकाम्या खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं आणि झोपलेल्या मुलीच्या खोलीत कोणीच नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच तर झाला.

४

कोणी म्हणेल, घाबरलास. तसं नव्हतं. त्या वेळी मला चीड आली होती. उपकरण बिघडलं की चारचौघांत अडाणी ठरल्यासारखं वाटतं.

नवा डबा नेला. जुन्याच्या शेजारी ठेवला. आठवड्याने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसली.

मग शेजारच्या घराची भिंत तपासली. पलीकडे अडगळीची खोली होती, तिथून काही येणं शक्य नव्हतं. गटाराचा वायू म्हणावा तर पाइप दुसऱ्या टोकाला. शेवटी भिंतीवरच्या बुरशीवर संशय धरला. बुरशीही श्वास सोडते, थोडासा का होईना. या उत्तरावर मी दोन दिवस समाधानी होतो आणि जेवणही बरं गेलं.

तिसऱ्या दिवशी मनीच्या आईने ठेवलेली नोंद पुन्हा वाचली. मधल्या एका मंगळवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली होती. मनी दिवसभर घरी. त्या मंगळवारी दिवसाची रेषा सपाट होती. रविवारीही सपाट. बुरशीला शाळेच्या सुट्ट्या कळत नाहीत.

मी फार थकलो होतो, हे इथे कबूल केलं पाहिजे. थकलेला माणूस सरळ मार्ग धरतो. खोली कोंडलीय, खोलीला हवा हवी, बाकी सगळ्या माझ्या डोक्यातल्या भानगडी. खिडकीच्या चौकटीत गाळणी असलेला छोटा पंखा बसवायचा. धूळ बाहेर राहील, ताजी हवा आत येईल, भिंत वाळेल. शंभर घरांत बसवलाय. बाईला फोन केला आणि गुरुवारी सकाळी येतो म्हणालो.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "या. पण खोलीत जाण्याआधी मला हाक मारा."

५

गुरुवारी अकराला पोचलो. नवरा कामावर, मनी शाळेत. बाई नुकतीच ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी बॅग मनीच्या दारासमोर ठेवली. पंखा, पटाशी, रबर कापायचं पातं, सगळं ओळीने मांडलं. नवा डबा आत तसाच सोडला होता. त्याचा आकडा मोबाइलवर दिसत होता. तेराशे चाळीस. थोड्या वेळाने तेराशे बावन्न.

हाक मारायला सांगितलं होतं. मी मारली नाही. शेकडो घरं पालथी घातलेल्या माणसाला एक दार उघडायला परवानगी कशाला लागते, असं वाटलं.

कुठल्या फटीतून वारा येतो हे पाहायला आम्ही पातळ कागदाची पट्टी वापरतो. दार बोटभर उघडलं आणि पट्टी फटीपुढे धरली.

पट्टी आत ओढली गेली. थांबली. मग माझ्याकडे फुगून आली. थांबली. पुन्हा आत.

वारा असा येत नाही. वारा एका बाजूने येतो किंवा फडफडतो. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून मोजलं. मिनिटाला बावीस. आठ वर्षांच्या मुलाच्या श्वासांचा आकडा तेवढाच असतो.

हात थरथरतोय म्हणून असं होत असेल, असं स्वतःला सांगून मी पट्टी दाराच्या कडीला अडकवली आणि हात मागे घेतला. पट्टी तशीच आत-बाहेर होत राहिली. फटीतून पलंगाची कड दिसत होती, ताणून घातलेली चादर, खुर्चीवरचा फ्रॉक. खोलीत कोणी नव्हतं. हे मी अगदी नीट पाहिलं.

तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला. बारीक, कोरडा, दोनदा. मग घसा साफ केल्यासारखा एक आवाज, आणि पुन्हा शांत.

तरी दार लावलं नाही. का, ते सांगतो, आणि ते सांगताना मला स्वतःची लाज वाटते. मोबाइलवरचा आकडा उतरायला लागला होता. तेराशे, बाराशे वीस, अकराशे. आकडा उतरताना दिसला की तो कुठे थांबतो ते पाहायचं, ही माझी एकतीस वर्षांची खोड आहे. मी तिथे उभा राहून पाहत राहिलो.

"काका, दार लावा."

बाई मागे उभी होती. आवाज चढवलेला नव्हता. रुग्णाला सांगतात तसं तिने सांगितलं होतं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "हजाराखाली जातोय."

आकडा नऊशेवर आला तेव्हा तिचा फोन वाजला. तिने तो उचलायच्या आधी मला बाजूला सारलं आणि दार लावलं. रबर चिकटल्याचा मऊ आवाज झाला.

फोन शाळेतून होता. मनी वर्गात बसल्या जागी बाकावरून खाली पडली होती. ओठ निळे पडले होते. आत्ता उठून बसलीय, पाणी मागतेय, पण घरच्यांनी येऊन घेऊन जावं.

६

नवऱ्याचा कारखाना शाळेजवळ होता. त्याला कळवून ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली. मी जमिनीवर बसलो होतो.

"तुम्हाला काही विचारायचं असेल," ती म्हणाली.

विचारायचं काही नव्हतं. पण तिला सांगायचं होतं.

"त्या दुपारी बाहेर काही दिसत नव्हतं इतकी धूळ होती. हे औषधाला गेले. मी आत तिच्याजवळ होते. काका, मी बारा वर्षं वॉर्डात काढलीत. मला नाडी बघता येते."

"हं."

"मग मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं. ह्यांनी सवयच लावलीय तशी, बाहेर आलं की दार लावायचं. इथेच बसले, याच खुर्चीवर. हे आल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं ते ठरवत होते. दीड तास गेला. आणि मनीने आतून दार वाजवलं. म्हणाली, भूक लागली."

रस्त्यावरून कोणी भंगार मागत गेला. त्याचा आवाज लांब गेला.

"त्यांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"नाही. आणि कळायला नको. ते म्हणतात, दारामुळे वाचली. खोटं कुठे आहे त्यात?"

"मग मला कशाला बोलावलंत?" मी म्हणालो. मला तिचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. "मी खिडक्या उघडणारा माणूस. मला दुसरं काही येत नाही."

"भिंत बघितलीत ना. ओल वाढतेय. आतली हवा खराब झाली तर... आत्ता खोकला ऐकलात तुम्ही. तो या महिन्यात सुरू झाला. आधी नव्हता." तिने पदराने तोंड पुसलं. "हवेतलं तुम्हाला कळतं, असं लोक म्हणाले. हवा न बदलता चांगली करता येते का, एवढंच विचारायचं होतं. फोनवर कसं विचारणार?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं आणि ते मी तिला दिलं नाही.

७

बापाने मनीला खांद्यावर घेऊनच वर आणलं. तो घामाघूम झाला होता. तिला खुर्चीवर बसवून तो पाणी आणायला आत गेला, त्याच्यामागे बाईही गेली. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो.

मनीने माझी बॅग पाहिली, पातं पाहिलं, पंखा पाहिला. ओठांवर अजून निळसर छटा होती.

"काका, तुम्ही दार उघडलंत ना?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"आईने सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

ती चिडली नव्हती. शाळेतलं पेन कोणी मोडलं तर मूल जसं हिरमुसतं, तेवढीच हिरमुसली होती.

"बरंच गेलं," ती म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर मोजत आलेलो माणूस. तोंडातून निघूनच गेलं. "किती उरलंय?"

"आधी वार्षिक परीक्षेपर्यंत पुरलं असतं. आता सहामाहीपर्यंत पुरेल."

एवढं बोलून ती बुटाची नाडी सोडायला वाकली. मला रडू आलं आणि ते मी लपवू शकलो नाही. तिने वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नका हं."

बाप पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. "काका, आज मी घरी आहेच, तर पंखा बसवूनच टाकू," तो म्हणाला. "कोंडलेल्या हवेनेच चक्कर आली असणार तिला. माझंच चुकलं, फारच घट्ट बसवलं मी दार. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला नाहीत, पण तुमच्या तोंडावर दिसत होतं मला." आणि खाली वाकून त्याने रबर कापायचं पातं उचलून हातात घेतलं.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. त्याच्या हातातलं पातं काढून घेतलं आणि बॅगेत टाकलं. "पंखा नको," मी म्हणालो. "मी सगळं मोजलंय. तुमच्या दारात काही खोट नाही. दार तसंच राहू द्या. खिडकी उघडू नका. भिंत पुसायची ती मनी घरात असताना, कोरड्या फडक्याने."

"पण तुम्हीच तर सगळ्यांना सांगता ना, खिडक्या उघडा म्हणून?"

"इथे नाही चालणार."

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मला बघवेना. तो बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पंखा गुंडाळत राहिलो. हाताला दोरी सापडत नव्हती.

"काका," बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "असंच ठेवलं तर किती दिवस निभेल?"

नवऱ्याला वाटलं, ती भिंतीचं विचारतेय. तोही माझ्याकडे पाहू लागला.

"पुष्कळ," मी म्हणालो. "काळजी करू नका. पुष्कळ दिवस."

बाईने डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मनी खुर्चीवरून उतरली, दप्तर उचललं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.